अंजिरीवर गायब झालेले अणू

प्रणाली बागडे चुंबकीय क्षेत्राच्या आकड्यांना रंगांची नावं द्यायची. प्रयोगाच्या वहीत डावीकडे आकडा, दशांशचिन्हापुढे तीन घरं, आणि त्याच्या शेजारी तिच्या गोल, शाळकरी अक्षरात लिहिलेलं असायचं, 'डाळिंबी'. पुढच्या ओळीत 'कच्ची डाळिंबी'. मग 'जांभळी', मग 'अंजिरी', मग 'अंजिरी, एकदा धुतलेली'. ती वही पहिल्यांदा माझ्या हातात आली तेव्हा मला वाटलं, पोरगी चुकून घरातल्या साड्यांची यादी घेऊन आली. मी विचारलं तर म्हणाली, "दीदी, आकडे माझ्या डोक्यात एकमेकात मिसळतेत. रंग नाही मिसळत."

प्रयोगशाळेतले सगळे हसले. मीही हसले. पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं की महिन्यापूर्वीचं कुठलंही मोजमाप ती वही न उघडता सांगू शकते आणि मला कालचं आठवत नाही. तो तिच्याबद्दल वाटलेला माझा पहिला हेवा. तो शेवटचा असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

आमची प्रयोगशाळा रायपूरच्या वेशीबाहेर आहे. तिथलं यंत्र मी उभं केलंय, हे मी कुणालाही भेटीच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगते. आतली हवा उपसून काढलेली काचेची एक लांबट पेटी, तिच्याभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि आत लेझरच्या प्रकाशानं पकडून ठेवलेला पोटॅशियम आणि रुबिडियमच्या अणूंचा एक ढग. ढग म्हणजे केवढा, तर डोळ्यांत गेला तरी कळणार नाही एवढा. पण थंड इतका की त्याहून थंड होण्याला जवळपास जागाच उरलेली नाही. मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असतं आणि आम्ही आत शाली पांघरून अणू थंड करत बसलेलो असतो, याची आमच्या घरच्यांना फार गंमत वाटते.

एवढ्या थंडीत दोन अणू एकमेकांजवळून गेले तरी साधारणपणे एकमेकांना फारसं मनावर घेत नाहीत. पण वेटोळ्यांतली वीज वाढवत नेली, म्हणजेच चुंबकीय क्षेत्र बदलत नेलं, की एखाद्या ठरावीक आकड्यावर त्यांचं एकदम जुळतं. अणू जोड्या करू लागतात, तिसऱ्याला धडकतात आणि सापळ्याबाहेर फेकले जातात. आम्हाला दिसतं ते एवढंच, की त्या आकड्यावर फोटो काढला तर ढग विरळ झालेला असतो. याला आम्ही अनुनाद म्हणतो. काही अनुनाद ऐसपैस असतात, आंधळ्यालाही सापडतील असे. काही इतके अरुंद, की क्षेत्र केसभर इकडेतिकडे झालं तर तुम्ही त्यांच्यावरून उडी मारून पुढे जाता आणि वहीत लिहिता, इथे काही नाही.

हे सगळं आता मी सोपं करून सांगते आहे, पण हे सोपं करणं माझं नाही. ते प्रणालीचं आहे आणि तिनं ते माझ्याच घरात, माझ्याच आईसमोर केलं. आम्ही रायपूरच्या जुन्या वस्तीत, बुढापाऱ्यात राहतो. एका रविवारी मी तिला जेवायला बोलावलं होतं. जेवताना आईनं तिचा नेहमीचा प्रश्न टाकला, "तुम्ही पोट्ट्या त्या खोलीत दिवसभर करता तरी काय?" हा प्रश्न ती मला बारा वर्षं विचारत होती आणि मी बारा वर्षं "ते कठीण आहे गं आई" असं म्हणत होते.

प्रणालीनं हातातला घास खाली ठेवला. "काकू, समजा तुमच्याजवळ एक साडी हाये. तिचा रंग ठरलेला, तो काही बदलत नाही. अन् ब्लाऊजपीस असा हाये का एक बटन फिरवलं तर त्याचा रंग हळूहळू बदलते. तुम्ही बटन फिरवून राहिल्या. नाही जुळत, नाही जुळत, अन् एका जागी असं मॅचिंग होते का साडी कुठं संपली अन् ब्लाऊज कुठं सुरू झाला समजतच नाही. तिथं दोन अणू एकमेकाले चिकटतेत. अन् मंग गायब. आमचं काम म्हणजे बटन कुठं थांबवायचं ते शोधायचं."

"अन् जास्त फिरवलं तर?" आईनं विचारलं.

"तर पुन्हा तू तिकडं, मी इकडं."

आई खूश होऊन हसली. मग माझ्याकडे वळली. "एवढे वर्ष तू मले काहून नाही सांगितलं असं?"

मी वरणाचं भांडं आणायला आत गेले आणि गरजेपेक्षा जास्त वेळ आत उभी राहिले. माझी आई, माझा विषय, माझं यंत्र. आणि पाच मिनिटांत सगळं तिचं होऊन गेलं.

ती हे असं बोलू शकायची याचं कारण पंडरीच्या कापडबाजारात होतं. तिची आई तिथल्या एका मॅचिंगच्या दुकानात काउंटरवर कामाला होती. आमच्याकडची लग्नं आली की आई आणि मी साड्यांची गठडी घेऊन त्याच दुकानात जायचो. बाकीच्या बायका ट्यूबलाइटखाली कापड दाखवायच्या. ही बाई मात्र कापडाचं थान आणि साडी दोन्ही उचलून सरळ रस्त्यावर उन्हात जायची, स्कूटरवाल्यांना हातानं थांबवायची, कापड साडीवर धरायची आणि म्हणायची, "अर्धा शेड कम हाये, ताई. नका घेऊ." विकायला बसलेली बाई गिऱ्हाइकाला नका घेऊ म्हणते याचं मला नवल वाटायचं. प्रणाली शाळेतून आली की त्याच काउंटरच्या मागे बसून अभ्यास करायची. वडील रेल्वेत होते आणि बहुतेक वेळ लाइनवर असायचे.

त्या रविवारी प्रणाली गेल्यावर आईनं तिचं आडनाव पुन्हा एकदा विचारलं. मी सांगितलं. माझ्या हेव्यात चमचाभर ते आडनावही होतं. हुशार मुली आमच्या प्रयोगशाळेत आधीही आल्या होत्या. मॅचिंगच्या दुकानातल्या बागडेबाईंची मुलगी माझ्यापेक्षा हुशार असणं हे मला, माझ्या शिक्षणासकट, पचत नव्हतं. हे मी त्या वेळी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं, म्हणून आता लिहून ठेवते.

नोकरीत ती सहा-सहा महिन्यांच्या कागदावर होती. प्रकल्प असेपर्यंत पगार, प्रकल्प संपला की राम राम. मी पक्की. संस्थेत एक कायमची जागा निघणार असल्याची कुणकुण होती आणि ती जागा आपल्याला मिळावी असं तिला फार वाटत होतं. तिनं ते लपवलंही नाही. "दीदी, मले दुसरं काही येत नाही," ती म्हणायची. "मले ढगाचे फोटो काढता येते. अजून एक पाच वर्षं कोणी काढू दिले तर मी काही मागणार नाही."

ती आली त्या वर्षी तिनं एक उद्योग केला जो आमच्यात कुणी करत नाही. तिनं माझ्या जुन्या वह्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढल्या. एके दिवशी सकाळी माझ्या टेबलाशी आली, एका पानावर बोट ठेवून. मी तीन वर्षांपूर्वी केलेली एक मोजणी होती. ठिपक्यांची सरळ रेघ, आणि मध्येच एक ठिपका खूप खाली. त्यावर मी पेननं काट मारली होती.

"हा काहून खोडला?"

"त्या दिवशी कॅमेरा खराब होता," मी म्हटलं.

"मंग बाजूले लिहायचं ना, कॅमेरा खराब."

कॅमेरा खराब नव्हता. दुसऱ्या दिवशी मला तो आलेख एका सभेत दाखवायचा होता आणि तो ठिपका दिसायला वाईट दिसत होता. सिद्धांतवाल्यांनी त्या पट्ट्यात कुठेतरी एक अरुंद अनुनाद असावा असं म्हटलं होतं, पण नक्की कुठे ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मी मोठ्या पावलांनी तो पट्टा ओलांडला होता आणि एक पाऊल नेमकं त्याच्यावर पडलं होतं. मी ते पाऊल पुसून टाकलं.

प्रणालीनं वही परत ठेवली आणि ती त्या ठिपक्याच्या आसपास बारीक पावलांनी चालायला लागली. एका फोटोला अर्धं मिनिट लागतं. फोटो काढला की ढग मरतो, पुन्हा नवा बनवावा लागतो. एका आकड्यावर ती वीस-वीस फोटो काढायची आणि मग पुढचा शेड. मी दोन-तीनदा म्हटलं, "अगं, एवढं बारीक कशाला? चार-चार सोडून घे." ती म्हणायची, "सोडून सोडून घेतलं का तेच सुटते जे पायजे असते." दुपारी डब्यातला तांदळाच्या पिठाचा चीला खाताना एक डोळा पडद्यावर. अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली तेव्हा नेहमीसारखीच होती, फक्त ओढणी खांद्यावरून घसरून जमिनीवर लोळत होती आणि तिला ते माहीत नव्हतं.

"दीदी, अंजिरीवर अणू गायब होऊन राहिले."

मी बघितलं. जांभळीपर्यंत ढग भरलेला, अंजिरीवर निम्माही नाही, 'अंजिरी, एकदा धुतलेली'वर पुन्हा भरलेला. एवढा देखणा खड्डा माझ्या यंत्रावर मी कधी पाहिला नव्हता. तो माझ्या काट मारलेल्या ठिपक्याच्या जागीच होता.

आमच्या प्रयोगशाळेत एक रिवाज आहे. कुणाला काही नवं सापडलं की त्या माणसानं यंत्राला हात लावायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी, शोधणाऱ्याला खोलीबाहेर ठेवून, सगळं पहिल्यापासून करायचं. तसंच दिसलं तर प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, मिश्रा सरांना सांगायचं आणि मगच जगाला. रिवाज चांगला आहे, तो मीच सुरू केला होता. मिश्रा सर मला म्हणाले, "आप देख लीजिए एक बार. जल्दी कर दीजिए, ये और लोग भी ढूँढ़ रहे हैं." प्रणाली खोलीच्या चाव्या माझ्या हातात देऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये बाकावर जाऊन बसली. आत बसली असती तरी मी काही म्हटलं नसतं. रिवाज म्हणजे रिवाज, म्हणून बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझं काम झालं. खड्डा होता, तिथेच होता, तिच्यापेक्षा माझ्या मोजणीत जास्तच स्वच्छ आला. मी तो पडद्यावर बघत बसले. माझ्या मनात आनंद शोधला, सापडला नाही. मनात आलं ते असं: हा माझा होता. मी तीन वर्षं आधी इथे येऊन गेले होते. आता सगळीकडे तिचं नाव लागेल, आणि आई कुणाकुणाला सांगेल, ती मॅचिंगवाली पोरगी, तिनंच शोधलं बरं.

मी फाईल बंद केली. बाहेर आले. ती बाकावरून उठली. मी म्हटलं, "वेटोळ्याच्या पाण्याचा पंप नीट चालत नाहीये. दोन दिवस लागतील."

दोन दिवसांनी म्हटलं, लेझर सरकलाय. मग एसी. मग माझं डोकं दुखत होतं, आणि ते खरंच दुखत होतं. सर विचारायचे, मी म्हणायचे, घाई करून चालणार नाही, उद्या खोटं ठरलं तर संस्थेची शोभा होईल. असे तीन आठवडे गेले. मी काही कट रचलेला नव्हता. रोज सकाळी मी ठरवायचे की आज सांगून टाकू, आणि रोज ती बाकावरून उठून माझ्याकडे बघायची आणि माझ्या तोंडून नवीन काहीतरी बिघडलेलं बाहेर पडायचं.

चौथ्या आठवड्यात परदेशातल्या एका गटाचा लेख आला. तोच पट्टा, तोच आकडा, तोच खड्डा. सरांनी तो छापून आणला आणि टेबलावर ठेवला. प्रणालीनं तो उभ्याउभ्या पूर्ण वाचला, मग शेवटच्या आकृतीवर बोट फिरवलं. "बरोबर हाये त्यांचं. आपल्यापेक्षा कॉइल चांगली हाये त्यांची." मग वॉशरूमला गेली आणि बऱ्याच वेळानं तोंड धुऊन आली. संध्याकाळी मी सरांना सांगितलं की माझी तपासणी पूर्ण झाली, खड्डा आहे.

आमचाही लेख छापला गेला, पण जो दुसरा पोचतो त्याला दुसरा म्हणतात. सहा महिन्यांनी कायमच्या जागेची मुलाखत झाली. बाहेरून आलेल्या समितीनं तिला विचारलं, यात तुमचं नवीन काय? ती म्हणाली, "आम्हाला आधी दिसलं होतं." त्यांनी पुरावा विचारला. ती म्हणाली, छापलेला काही नाही. जागा दिल्लीकडच्या एका मुलाला मिळाली आणि प्रणालीचा कागद पुढे वाढला नाही. ती राजनांदगावच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या मुलांना शिकवायला गेली. जाताना तिनं यंत्राच्या टेबलावरची धूळ पुसली, चाव्या दिल्या आणि म्हणाली, "दीदी, डावीकडचा आरसा मंगळवारी सरकते. सोमवारीच बघून घेत जा." तो आरसा मंगळवारीच का सरकतो हे मला अजून कळलेलं नाही. पण सरकतो.

तिच्याशिवाय मला हलकं वाटेल असं मी धरून चालले होते. तसं झालं नाही. कुठल्याही पोरानं हुशारीनं एखादी गोष्ट सांगितली की मला वाटायचं, प्रणालीनं याहून बरी सांगितली असती. हेवा करायला समोर माणूस लागतो असं नाही, हे मला तेव्हा समजलं.

दोन वर्षांनी तिच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून माझं नाव आलं. मला नाही म्हणता आलं असतं. मी मेमू लोकलनं गेले. तिची प्रयोगशाळा म्हणजे एक लांब हॉल, आठ टेबलं, लोलक, भिंगं, गंजलेले चुंबक. मुली-मुलं तिला घाबरत नव्हती, पण तिच्यासमोर आकडा खोटा लिहीत नव्हती. एका मुलीचा लोलकाचा आलेख वाकडा आला होता. तिनं तो तसाच ठेवला होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'पंखा चालू होता'. मी तिला पूर्ण गुण दिले.

परीक्षा संपल्यावर रिकाम्या हॉलमध्ये आम्ही दोघी चहा घेत बसलो. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशीच मला खड्डा दिसला होता, पंपाला काही झालेलं नव्हतं, मी गप्प बसले, आणि का गप्प बसले. मी बरंच बोलले. तिनं मध्ये थांबवलं नाही.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "प्रत्येक फोटोच्या फायलीवर तारीख असते, दीदी. पाचव्या दिवशी मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर माझे जुने फोटो काढायले बसली, तर तुमचे दिसले."

"मग सरांना काहून नाही सांगितलं?"

"मी सहा महिन्याच्या कागदावर, तुम्ही पक्क्या. मी म्हटलं असतं, दीदी दाबून बसल्या. तुम्ही म्हटलं असतं, मी अजून खात्री करून राहिली. कोणाचं ऐकलं असतं?" तिनं कप खाली ठेवला. "अन् मले वाटलं, आज सांगतीन. उद्या सांगतीन. तुम्ही तशा वाईट नव्हत्या ना. म्हणून मी रोज बाकावर बसून राहिली."

मी म्हटलं, "मला माफ कर."

ती विचार करत राहिली. खरोखर विचार करत होती, उपचार म्हणून नाही. "नाही करत, दीदी. मले राग हाये. रोज नाही येत, पण हाये. उगाच हो कसं म्हणू? तुम्ही चहा घ्या, थंडा होऊन राहिला."

तेवढ्यातही मला तिचा हेवा वाटला. हे असं सरळ 'नाही' म्हणणं मला आयुष्यात जमलेलं नाही.

तिनं मला स्कूटीवर स्टेशनला सोडलं. मेमूला वेळ होता म्हणून थांबली. इकडचं तिकडचं बोललो, तिच्या आईचे डोळे, माझ्या आईचे गुडघे. मग तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "मशीनवर आजकल कोण राहते?"

"मीच," मी म्हटलं. "नवीन वेटोळी बसवली. आता क्षेत्र आधीपेक्षा दहापट स्थिर राहतं."

"दहापट," ती म्हणाली. माझ्या पर्समधून प्रयोगशाळेच्या चाव्यांचा जुडगा अर्धा बाहेर आला होता. तिकडे बघत ती उभी होती. तो चेहरा कशाचा असतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, मी तो कित्येक वर्षं आतून ओळखत होते. प्रणालीनं पहिल्यांदाच माझा हेवा केला, आणि हेवा करावा असं माझ्यापाशी जे होतं, ते मी तिच्याकडूनच घेतलेलं होतं.